दुव्याचे चलन आणि वाचनाचे मोल : आंतरजालावरील जाहिरात-उत्पन्नाची चिकित्सा

प्रस्तावना

आंतरजालावरील बहुतांश मजकूर वाचकास विनामूल्य मिळतो. त्याची किंमत जाहिरातदार चुकती करतो. हा विषय सामान्यतः तंत्रज्ञान वा वाणिज्य शाखेचा मानला जातो. तथापि लेखनाचे मूल्य कोणी व कोणत्या निकषावर ठरवावे, हा मूलतः समीक्षेचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात दुव्यांचा कचरा आणि जाहिरातींचे उत्पन्न यांतील संबंध या दृष्टीने तपासला आहे.

दुवा : शिफारस की चलन?

सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या 'पेजरँक' पद्धतीचे मूळ विद्यापीठीय परंपरेत आहे. ज्या शोधनिबंधाचा संदर्भ अनेक अभ्यासक देतात तो महत्त्वाचा, हे तत्त्व त्यांनी संकेतस्थळांना लावले. दुवा देणे म्हणजे शिफारस करणे, हे त्यामागील गृहीतक होते. मात्र शोधयादीत वरचे स्थान म्हणजे अधिक वाचक आणि अधिक वाचक म्हणजे अधिक उत्पन्न, हे समीकरण रूढ होताच दुवा हे चलन बनले. आणि चलन म्हटले की खोटे नाणे आलेच. अनुदिन्यांखालील प्रतिक्रियांच्या जागेत यंत्राद्वारे असंख्य दुवे पेरले जाऊ लागले. कौतुकाच्या एखाद्या ठरीव वाक्याखाली औषधविक्रीचा वा जुगाराचा पत्ता असे. अशी प्रतिक्रिया लेखकासाठी नसते आणि वाचकासाठीही नसते. तिचा खरा वाचक शोधयंत्र हाच असतो. येथे स्तुती आहे, पण वाचन नाही.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी 'नोफॉलो' ही खूण मान्य केली. ती असलेल्या दुव्याला क्रमवारीत वजन मिळू नये, हा हेतू होता. तरीही पेरणी थांबली नाही, कारण एका दुव्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. हजारांतील मोजके फळले तरी पुरते. पुढे फेब्रुवारी २०११ मधील 'पांडा' आणि एप्रिल २०१२ मधील 'पेंग्विन' या बदलांनी निकृष्ट मजकूर व कृत्रिम दुवे यांना खाली ढकलले. हे उपाय आवश्यक होते. परंतु ते लक्षणांवरचे होते.

दोष केवळ कचरा पसरविणाऱ्यांचा, हा युक्तिवाद अपुरा आहे. प्रामाणिक लेखक आणि कचरा पसरविणारा या दोघांचे उत्पन्न एकाच मापाने मोजले जाते, आणि ते माप वाचन मोजत नाही. भेटी आणि क्लिक मोजते. ब्रिन व पेज यांनी १९९८ च्या निबंधातच जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकेल, असा इशारा दिला होता, हे येथे लक्षणीय ठरते.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. २००३ मध्ये सुरू झालेल्या 'अ‍ॅडसेन्स'मुळे प्रकाशकाच्या दारी न जाता लेखनातून उत्पन्न मिळविणे शक्य झाले. मजकुरालगतच्या जाहिरातींच्या उत्पन्नातील ६८ टक्के वाटा संकेतस्थळाच्या मालकास मिळतो, असे गूगलने २०१० मध्ये जाहीर केले. ही सेवा हिंदीसाठी २०१४ मध्ये व मराठीसाठी २०१८ मध्ये खुली झाली. मराठीत लिहिणाऱ्यास ही संधी उशिरा मिळाली आणि तिच्यासोबत तेच मापही आले.

विद्याक्षेत्राशी साम्य

संदर्भांची मोजणी विद्यापीठातून आंतरजालावर गेली. तिचा विकार मात्र दोन्हीकडे दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांच्या नियुक्ती व पदोन्नतीशी गुणांकन जोडले. प्रकाशनाला गुण मिळू लागताच गुणांसाठी प्रकाशन होऊ लागले. मे २०१८ मध्ये आयोगाला मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. न वाचता दिलेला संदर्भ आणि न वाचता दिलेली प्रतिक्रिया यांत तत्त्वतः अंतर नाही. चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबाबत केलेले निरीक्षण येथे लागू पडते : नियंत्रणासाठी वापरले जाणारे माप आपली विश्वासार्हता गमावते.

निष्कर्ष

गाळणी कचरा अडवू शकते, त्याची प्रेरणा नष्ट करू शकत नाही. मोजणी सोयीची असली, तरी ती वाचनाचा पर्याय नव्हे. शोधयंत्रास हा विवेक शिकविण्यापूर्वी निवड समित्या, संपादक आणि परीक्षक यांनी तो आपल्या व्यवहारात आणणे अगत्याचे आहे. यादीतील क्रमांक पाहण्याआधी लेख वाचला जावा, एवढीच त्याची पहिली अट आहे.