श्रमाची भाषा आणि अखेरचे दिवस : चंद्रपूर-गडचिरोलीतील सेवापर लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना :
चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांनी मराठी साहित्याला सेवापर लेखनाची एक समृद्ध परंपरा दिली आहे. आत्मकथन, वैचारिक लेखन, कविता आणि अहवाल अशा विविध रूपांतून ती विकसित झाली. या लेखनाचे एक कार्य मात्र समीक्षेच्या दृष्टीने दुर्लक्षित राहिले आहे. ते वाचकाला दात्यामध्ये रूपांतरित करते. साहजिकच या लेखनाची भाषा हीच निधिसंकलनाचीही भाषा ठरली. जो रुग्ण बरा होणार नाही, त्याच्या अखेरच्या दिवसांतील शुश्रूषेसाठी ही भाषा पुरेशी पडते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

श्रमप्रतिष्ठेचे आवाहन :
आनंदवनाची स्थापनाकथा सर्वपरिचित आहे. बाबा आमटे यांनी १९५१ साली वरोऱ्याजवळच्या ओसाड जमिनीवर चौदा रुपये, एक लंगडी गाय आणि सहा कुष्ठरुग्ण यांच्यासह कार्यारंभ केला. ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली, याचे कारण तिच्या रचनेत आहे. आरंभीचे दारिद्र्य, मधले श्रम आणि शेवटी उभे राहिलेले हिरवे गाव अशी तिची तीन पदे आहेत. दान माणसाला दुबळे करते आणि काम त्याला घडवते, हे बाबांचे सूत्र या रचनेचा कणा होय. ‘ज्वाला आणि फुले’मधील कवितेचा आवेशही याच सूत्रावर उभा आहे. ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांतही प्रेक्षक तिकिटाचे पैसे देतो ते कलेसाठी. दया त्यात गौण ठरते.

या आवाहनाचे सामर्थ्य मोठे आहे. रुग्णाचे केविलवाणे चित्र रंगवून पैसा गोळा करण्याच्या रूढ पद्धतीला त्याने प्रतिष्ठेचा पर्याय दिला. तथापि त्याची मर्यादाही याच सामर्थ्यातून उद्भवते. येथे माणसाची प्रतिष्ठा त्याच्या निर्मितीतून सिद्ध होते. कर्करोगाच्या अंतिम अवस्थेत अंथरुणाला खिळलेला मजूर काहीही निर्माण करू शकत नाही. मग त्याच्या प्रतिष्ठेचा पुरावा दात्यापुढे कोणता ठेवावयाचा?

मृत्यूची गणना :
गडचिरोलीत १९८६ पासून कार्यरत असलेल्या ‘सर्च’ या संस्थेच्या लेखनाची प्रकृती वेगळी आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या कार्यात मृत्यूची काटेकोर नोंद हा कृतीचा आरंभबिंदू ठरला. घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेऊन बालमृत्यू रोखता येतात, हे दाखविणारा त्यांचा शोधनिबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातील बालमृत्यूंचा प्रश्न ऐरणीवर आणला.

या शीर्षकातील रूपक अर्थपूर्ण आहे. कोवळे पान गळणे अन्यायकारक असेल, तर पिकले पान गळणे स्वाभाविक ठरते. आणि जे स्वाभाविक, त्यासाठी आंदोलन होत नाही, निधीही मागितला जात नाही. डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे बहुवाचित पुस्तकदेखील मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसाचे कथन आहे. न परतणाऱ्याच्या वेदनेला मात्र या परंपरेत स्वतंत्र शब्द मिळालेला दिसत नाही.

अखेरच्या सेवेचे अर्थकारण :
भारतातील पहिले हॉस्पिस मानले जाणारे ‘शांती अवेदना सदन’ मुंबईत १९८६ साली सुरू झाले. वास्तू उभारून रुग्णाला तेथे आणणे हे त्या प्रतिमानाचे स्वरूप आहे. गडचिरोलीपासून सुमारे २०० किलोमीटर दूर असलेल्या सिरोंचासारख्या भागाला ते कितपत उपयोगी पडेल? केरळने दुसरा मार्ग दाखविला. कोझिकोड येथे १९९३ साली सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेतून पुढे शेजारसमूहांचे जाळे निर्माण झाले. गावकऱ्यांच्या लहान, नियमित वर्गण्या आणि स्वयंसेवकांच्या गृहभेटी हा त्याचा पाया होता. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी मॉर्फिन मिळण्याची प्रक्रिया सुलभ झाली. परंतु औषध घरापर्यंत पोहोचविणारा माणूस नसेल, तर ही सुलभता कागदावरच राहते.

अशा सेवेचा खर्च परिचारिकेचा प्रवास, जखमेची मलमपट्टी, औषधे आणि वेळ यांवर होतो. यांपैकी कशावरही दात्याच्या नावाची कोनशिला बसविता येत नाही. निधिसंकलनातील खरी अडचण ही आहे. रुग्णाच्या विकल देहाचे छायाचित्र छापून ती दूर करणे सोपे असले, तरी त्यामुळे श्रमप्रतिष्ठेच्या परंपरेने जे कमावले ते गमावले जाईल. शिवाय आवाहन पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी मराठीत लिहिले जाते आणि रुग्ण अनेकदा गोंडी वा माडिया बोलणारा असतो. आपल्याविषयी काय लिहिले गेले, हे त्याला कळण्याची व्यवस्था असल्याशिवाय त्याची संमती अर्थपूर्ण मानता येणार नाही.

परंपरेतील बीजे :
तरीही पर्यायी भाषेची बीजे याच भूमीत आहेत. नवजात बालकासाठी प्रशिक्षित ‘आरोग्यदूत’ घरी जाऊ शकते, तर त्याच वाटेने मरणासन्न वृद्धाच्या घरीही सेवा पोहोचू शकते. माडिया समाजात मृताच्या स्मरणार्थ शिळा उभारण्याची परंपरा आहे. मृत्यू हा एका कुटुंबापुरता नसून गावाचा विषय आहे, याची ती खूण होय. स्वतः बाबा आमटे यांना पाठीच्या कण्याच्या विकारामुळे दीर्घकाळ बसता येत नव्हते. पडून किंवा उभे राहूनच त्यांचे जीवन चालले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच त्यांचे निधन झाले आणि तेथील मातीतच त्यांचा देह ठेवण्यात आला. श्रमाचे सूत्र सांगणाऱ्या वसाहतीने अंथरुणावरील माणसालाही आपले मानले होते. ‘उत्तरायण’ हा तेथील ज्येष्ठांचा निवासही याची साक्ष देतो. प्रत्यक्ष आचरणात असलेली ही गोष्ट आवाहनाच्या भाषेत मात्र पुरेशी उतरली नाही.

समारोप :
सेवापर लेखनाने दात्याला आजवर फलाचे आश्वासन दिले : हात कामाला लागतील, बालके जगतील. अखेरच्या शुश्रूषेसाठीचे आवाहन असे फल दाखवू शकत नाही. वेदना कमी होईल आणि माणूस एकटा राहणार नाही, एवढेच ते प्रामाणिकपणे सांगू शकते. हे आश्वासन लहान वाटले, तरी ते पाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा अल्प परंतु नियमित वर्गणीला, आणि दूरच्या दात्याइतकेच गावातील शेजाऱ्यालाही स्थान देणारी भाषा घडवावी लागेल. या दोन जिल्ह्यांतील लेखनपरंपरेपुढील हे अपुरे राहिलेले कार्य आहे.