हेल असलेला नायक

हिंदी सिनेमातला परदेशस्थ नायक नेहमी स्वच्छ हिंदी बोलतो. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधला राज लंडनचा, ‘स्वदेस’मधला मोहन भार्गव ‘नासा’त नोकरीला, पण परदेशाचा वारा दोघांच्याही जिभेला लागलेला नाही. ओमी वैद्यची पडद्यावरची कारकीर्द या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. तो खराखुरा अमेरिकन मराठी माणूस. १९८२मध्ये कॅलिफोर्नियात मराठी कुटुंबात जन्मला, तिथेच वाढला, पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात सिनेमा शिकला. त्याच्या बोलण्यात अमेरिकन हेल आहे. त्या हेलाने त्याला प्रसिद्धी दिली आणि त्याच हेलाने त्याची नायकपदाची वाट अडवून धरली.

अमेरिकेत तो ‘द ऑफिस’ या मालिकेत संगणक दुरुस्त करणारा सादिक म्हणून थोडा वेळ दिसला होता. नंतर नागपूरच्या राजकुमार हिराणींच्या ‘थ्री इडियट्स’मध्ये (२००९) तो चतुर रामलिंगम झाला. युगांडात जन्मलेला, पाँडिचेरीत शिकलेला हा चतुर शिक्षकदिनी घोकून आणलेलं हिंदी भाषण करतो. भाषणातले शब्द कुणीतरी बदललेत, याची त्याला कल्पना नसते. तो विनोद ज्या शब्दावर उभा आहे, तो आज खुपतो, खुपायलाच हवा. पण नटाचं काम तेवढ्यावरून मोडीत काढता येत नाही. वैद्य एकेक अक्षर तोलून, छाती काढून बोलतो. हशा उसळला की थांबतो, ती दाद आहे असं समजून सुखावतो आणि पुढचं वाक्य आणखी जोरात फेकतो. आपण विनोद करतोय हे पात्राला ठाऊक नाही आणि नटाला पुरतं ठाऊक आहे. ही कसरत दिसते तेवढी सोपी नाही.

त्यानंतर मात्र चाकोरी ठरून गेली. मधुर भांडारकरांच्या ‘दिल तो बच्चा है जी’त (२०११) अजय देवगण आणि इमरान हाश्मी यांच्या बरोबरीने तो तिसरा प्रेमवीर होता, मिलिंद केळकर. कविता करणारा, भोळा, मुलीच्या मागे पैसा आणि मन दोन्ही उधळणारा. मराठी आडनावाचा हा माणूस त्याला जवळचा होता, पण पटकथेने त्याच्या वाट्याला हसूच दिलं. ‘ब्लॅकमेल’मध्ये (२०१८) तो इरफानचा चमत्कारिक साहेब झाला, ‘मेट्रो पार्क’ मालिकेत न्यू जर्सीतला कन्नन. कन्ननमध्ये काही ठिकाणी संसारी माणसाची धडपड दिसते. मात्र एकूण हिशेब मांडला तर पंधराएक वर्षं हा नट एकाच गुणावर राबवला गेला, असंच म्हणावं लागतं.

दोष एकट्या मुंबईचा नाही. हॉलिवूडमध्ये मूकपटांच्या काळात जपानचा सेस्यू हायाकावा मोठा नायक होता. पण बोलपट येण्याआधीच, जपानविरोधी वातावरणात, त्याला १९२२मध्ये हॉलिवूड सोडावं लागलं. हवाईत जन्मलेल्या जेम्स शिगेटाने ‘द क्रिमसन किमोनो’मध्ये (१९५९) नायिका जिंकली, पण १९८८च्या ‘डाय हार्ड’मध्ये तो खलनायकाच्या गोळीला बळी पडणारा कंपनीप्रमुख होता. न्यू जर्सीतल्या गुजराती घरातला काल पेन ‘हॅरॉल्ड अँड कुमार’च्या धमालपटातून वर आला, त्याच्यातला गंभीर नट दिसायला मीरा नायर यांचा ‘द नेमसेक’ यावा लागला. ‘मिनारी’साठी स्टीव्हन यूनला प्रमुख अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं ते २०२१मध्ये. आशियाई अमेरिकन नटाला त्या यादीत जागा मिळण्याची ती पहिलीच वेळ.

म्हणूनच ‘आईच्या गावात मराठीत बोल’ (जानेवारी २०२४) या मराठी चित्रपटाची नोंद घ्यायला हवी. कुणी नायक करेना, तेव्हा वैद्यने स्वतःच दिग्दर्शन हाती घेतलं आणि मुख्य भूमिकाही केली. अमेरिकेत वाढलेला, मोडकीतोडकी मराठी बोलणारा तरुण महाराष्ट्रात येतो, अशी गोष्ट. शहरी पाहुणा आणि गावची माणसं हा साचा जुनाच आहे, हशेही ओळखीच्या जागी येतात. तरी एक गोष्ट नवी आहे. इथे अडखळत मराठी बोलणारा माणूस प्रेम करतो, चुकतो, हट्टाला पेटतो आणि गोष्ट त्याच्याच खांद्यावर चालते.

गोंदियात बसून हे लिहिताना हसू येतं, कारण नायक आणि विनोदी पात्र यांच्या बोलण्यातला हाच भेद आपल्या मांडवातही आहे. धानाची कापणी झाली, मंडई आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की अर्जुनी-मोरगाव, सडक-अर्जुनीच्या गावागावांत झाडीपट्टीची, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली नाटकं रंगतात. वडशाच्या नाटक कंपन्या येतात, रात्री उशिरा पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. हजारो माणसं तिकीट काढून बसतात. आणि बहुतेक नाटकांत नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात, झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. ‘ण’चा ‘न’ झाला की टाळ्या. प्रेक्षक घरी जी बोली बोलतो, तिच्यात तो नायकाला रडताना वा प्रेम करताना क्वचितच ऐकतो. मुंबईचा सिनेमा वैदर्भी माणसाला नोकर नाहीतर विदूषक करतो अशी आपली तक्रार आहे, ती खरीच आहे. पण आपल्या रंगमंचाने तरी निराळं काय केलं?

विनोदी नटाला कमी लेखायचं नाही. झाडीपट्टीत कित्येकदा तोच प्रयोग तारतो, आणि चतुरशिवाय ‘थ्री इडियट्स’ची कल्पना करवत नाही. प्रश्न फक्त वाटणीचा आहे. हेल विनोदाला चालतो, तर दुःखाला आणि प्रेमालाही चालला पाहिजे. ओमी वैद्यला हे सिद्ध करायला स्वतःचा चित्रपट काढावा लागला. झाडीपट्टीच्या लेखकांपुढे एवढी अडचण नाही. मांडव आहे, नट आहेत, प्रेक्षक आहेत. येत्या हंगामात एका तरी नाटकाच्या नायकाला त्यांनी अथपासून इतिपर्यंत झाडीबोलीत बोलू द्यावं.