सोव्हिएत अनधिकृत कलेतील उड्डाण : इल्या काबाकोव यांची एक खोली

३ एप्रिल १९८४ रोजी हैदराबादेत शिकलेले राकेश शर्मा सोयूझ टी-११ या सोव्हिएत यानातून अंतराळात गेले. त्या उड्डाणामागे दोन राष्ट्रांचे बळ होते. पुढच्याच वर्षी इल्या काबाकोव (१९३३-२०२३) यांनी मॉस्कोतील आपल्या स्टुडिओत ‘खोलीतून अंतराळात उडालेला माणूस’ ही कलाकृती मांडली.

काबाकोव उपजीविकेसाठी मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढीत. त्यांची स्वतःची कला मात्र सरकारी प्रदर्शनांबाहेर राहिली. अशाच चित्रकारांचे उघड्यावरील प्रदर्शन १९७४ मध्ये मॉस्कोत बुलडोझर घालून मोडण्यात आले होते.

कलाकृती म्हणजे सामायिक घरातील एक कोंदट खोली. दाराला फळ्या ठोकलेल्या. प्रेक्षकाने फटीतून पाहायचे. भिंतीभर भित्तिपत्रके, मधोमध गोफणीसारखे टांगलेले आसन, छताला भगदाड, खाली राहिलेले जोडे. माणूस नाही. त्याची हकीकत शेजारी सांगतात.

याला निव्वळ पलायनाची कथा मानणे अपुरे वाटते. पळणाऱ्याने भित्तिपत्रके फाडली असती. याने ती जपली आहेत. राज्याने दाखविलेले स्वप्न त्याने अक्षरशः खरे मानले, फक्त परवानगीची वाट पाहिली नाही. सर्वांचे म्हणून सांगितलेले स्वप्न एकट्याने खरे करू पाहताच खोलीला फळ्या ठोकल्या जातात. कलाकृतीतील खरी टीका येथे आहे.

शर्मा परतले, त्यांचे स्वागत झाले. हा माणूस कोठे पोहोचला, हे काबाकोव सांगत नाहीत. त्याची रिकामी खोली मात्र पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे.