विटेचा प्रामाणिकपणा आणि त्याच्या मर्यादा : ‘रेड हाऊस’चे वास्तुसमीक्षण

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश गृहवास्तुकलेचा विचार ‘रेड हाऊस’ वगळून पूर्ण होत नाही. केंट परगण्यातील अप्टन येथे फळबागेत उभे राहिलेले हे लाल विटांचे घर फिलिप वेब यांनी विल्यम मॉरिस यांच्यासाठी १८५९ मध्ये आखले. १८६० मध्ये ते पूर्ण झाले. जर्मन अभ्यासक हर्मान मुथेसिउस यांनी १९०४-०५ मधील ग्रंथात त्यास आधुनिक घराच्या इतिहासात अग्रस्थान दिले. हे मूल्यमापन कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

विवेचन :
तत्पूर्वी संपन्नांच्या घरांतील विटा गिलाव्याखाली झाकून दगडाचा आभास निर्माण करण्याची प्रथा रूढ होती. वेब यांनी वीट उघडी ठेवली. घरातील शेकोट्यांची मांडणीही विटेतच केली. खिडक्यांचे आकार व स्थाने बाह्य समतोलापेक्षा आतील खोल्यांच्या गरजेनुसार ठरली. उतरती कौलारू छपरे, उंच धुराडी आणि शंकूच्या आकाराचे छप्पर असलेली विहीर यांमुळे वास्तूचे नाते ग्रामीण शेतघराशी जुळते. तथापि या वळणाचे श्रेय एकट्या वेब यांना देता येत नाही. ज्यांच्या कार्यालयात त्यांनी काम केले ते जी. ई. स्ट्रीट, तसेच विल्यम बटरफिल्ड यांच्या धर्मगुरू-निवासांत ते आधीच प्रकट झाले होते.

याहून महत्त्वाचा दोष योजनेत आहे. शेतघरात उत्तरेकडील थंड बाजू सामान्यतः दूधदुभते व कोठीसाठी राखली जाई. येथे मात्र भोजनगृह व दिवाणखाना उत्तराभिमुख आहेत. ऊन लाभते ते बागेकडील मार्गिकांना! शेतघराचे रूप स्वीकारले गेले, त्यामागील अनुभवसिद्ध शहाणपण मात्र दुर्लक्षिले गेले. शिवाय या साधेपणाचा आर्थिक आधार डेव्हनमधील तांब्याच्या खाणीच्या समभागांतून मॉरिस यांना मिळणारे उत्पन्न हा होता. कष्टकऱ्याच्या घरात गरजेपोटी आलेला साधेपणा येथे अभिरुचीचा विषय झाला. १८६५ मध्ये मॉरिस यांनी हे घर सोडले.

समारोप :
‘रेड हाऊस’ला आरंभबिंदू मानणे अतिशयोक्त ठरते; परंतु सामान्य सामग्रीस प्रतिष्ठा देण्याचे त्याचे कार्य निर्विवाद आहे. २००३ पासून ‘नॅशनल ट्रस्ट’ने जतन केलेली ही वास्तू एक विवेक शिकविते : लोकपरंपरेचे बाह्यरूप उचलणे सोपे असते, तिची जीवनदृष्टी आत्मसात करणे कठीण.