कॉलेज नक्की कुणाचं? एक निकाल वाचताना



मागच्या वेळी आपण शोधनिबंध टीकात्मक नजरेने कसा वाचायचा ते पाहिलं. या वेळी निबंध बाजूला ठेवूया आणि एक न्यायालयीन निकाल वाचूया. तुम्ही म्हणाल, "ताई, आम्ही सायन्सवाले, पीईटीचा अभ्यास करतोय, आम्हाला कोर्टाचं काय?" संबंध आहे. मला तो कळायला आठ महिने लागले, तुम्हाला पंधरा मिनिटांत कळावा म्हणून हा लेख.

प्रकरण थोडक्यात

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात रोम नावाचं गाव आहे. तिथे १८७३ साली बॅप्टिस्ट मंडळींनी मुलींसाठी एक कॉलेज काढलं, त्याचं पुढे शॉर्टर कॉलेज झालं. कॉलेजचे विश्वस्त निवडायचा अधिकार जॉर्जिया बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनकडे, म्हणजे राज्यातल्या बॅप्टिस्ट चर्चेसच्या संघाकडे होता. दरवर्षी पैसाही तिथून यायचा.

२००० नंतर बिनसलं. कॉलेजने सुचवलेली नावं डावलून कन्व्हेन्शनने आपल्या पसंतीचे विश्वस्त नेमायला सुरुवात केली. मानांकन देणाऱ्या संस्थेने बाहेरच्या दबावाबद्दल चिंता व्यक्त केली. आपल्याकडे नॅकची जी धास्ती असते त्याहून ही मोठी, कारण तिथे मानांकन गेलं की विद्यार्थ्यांची सरकारी आर्थिक मदतही जाते. मग नोव्हेंबर २००२ मध्ये विश्वस्तांनी एक शक्कल लढवली. कॉलेज चालवणारी संस्था विसर्जित करायची आणि सगळी मालमत्ता शॉर्टर कॉलेज फाउंडेशन या दुसऱ्या संस्थेकडे द्यायची. फाउंडेशनचे विश्वस्त कन्व्हेन्शन नेमत नव्हतं. कन्व्हेन्शन कोर्टात गेलं आणि मे २००५ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी कन्व्हेन्शनच्या बाजूने निकाल दिला.

निकालात काय पटतं

बहुमताचं म्हणणं सोपं आहे. विसर्जन म्हणजे कारभार आवरणं: देणी फेडायची, व्यवहार बंद करायचे, उरलेलं वाटून टाकायचं. इथे तसं काहीच होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच वर्ग, तेच शिक्षक, तीच मुलं. बदलणार होता फक्त वर बसलेला मालक. मग याला विसर्जन कसं म्हणायचं?

मला हे आवडलं, कारण प्रयोगशाळेत आपण हेच शिकतो. बाटलीवर लेबल काय आहे यावर विश्वास ठेवायचा नाही, आत काय आहे ते तपासायचं. ठरावात "विसर्जन" लिहिलं म्हणून ते विसर्जन होत नाही. तुमच्या प्रबंधात "यादृच्छिक नमुना" लिहिलं आणि प्रत्यक्षात ओळखीच्या वीस जणांना फॉर्म वाटले, तर परीक्षक नेमकं हेच विचारतील.

निकालात काय खटकतं

खटकतं ते असं, की निकाल "कॉलेज कुणाचं?" हा प्रश्न सोडवतो, पण "विश्वस्ताची निष्ठा कुणाशी?" हा तसाच ठेवतो. ज्याने नेमलं त्याच्याशी, की ज्या संस्थेवर नेमलं तिच्याशी? दोघांचं हित एक असेपर्यंत हा प्रश्न कुणी विचारत नाही. मानांकन जाईल या भीतीने विश्वस्तांनी पाऊल उचललं असेल, तर ते संस्थेच्या हिताचं होतं असं म्हणायला जागा आहे. पण निकाल ज्या खिळ्यावर टांगला आहे तो म्हणजे विसर्जनाचा अर्थ. त्या हिताचं वजन तिथे कामी येत नाही.

इथे एक इशारा. २०११ मध्ये, तोवर विद्यापीठ झालेल्या शॉर्टरने कर्मचाऱ्यांसाठी धार्मिक आचरणाचं प्रतिज्ञापत्र आणलं आणि पुढे अनेक प्राध्यापक सोडून गेले. "बघा, म्हणूनच निकाल चुकीचा होता," असं लिहिण्याचा मोह मलाही झाला होता. पण सहा वर्षांनंतरच्या घटनेवरून आधीच्या युक्तिवादाची परीक्षा घेणं ही चूक आहे. युक्तिवाद त्याच्या वेळच्या पुराव्यावर तपासायचा. परिणामांबद्दल वेगळा परिच्छेद लिहा, दोन्हींची खिचडी करू नका.

आणि कन्व्हेन्शनची बाजूही हलकी समजू नका. साध्या चर्चसदस्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेला पैसा तिथे गेला होता. "आमच्या पैशाने उभं राहिलात आणि आता आम्हालाच दार दाखवता?" या तक्रारीत तथ्य आहे. टेनेसीतल्या बेल्मॉन्ट विद्यापीठाच्या प्रकरणात या तक्रारीचा हिशोबच मांडला गेला. तिथल्या कन्व्हेन्शनने १९५१च्या एका दस्तावर बोट ठेवून २००६ मध्ये दावा लावला आणि आजवर दिलेले सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर परत मागितले. २००७ मध्ये तडजोड झाली ती १ कोटी १० लाखांवर: १० लाख लगेच आणि मग वर्षाला अडीच लाख, ४० वर्षं. टेक्सासच्या बेलर विद्यापीठाने १९९० मध्ये आपली सनद स्वतःच बदलली, तेव्हा शेवटी २५ टक्के विश्वस्त कन्व्हेन्शनने निवडावेत यावर मिटलं. भांडण तेच असूनही शेवट तीन प्रकारचा झाला. तिन्हीकडे कळीचा कागद एकच होता: विश्वस्त कोण निवडतो हे सांगणारा.

"धर्म विरुद्ध शिक्षण" हे वाचन अपुरं का

अशा प्रकरणांवरचं बरंचसं लिखाण कट्टर चर्च आणि मुक्त विद्यापीठ अशी दोन पात्रं उभी करून मोकळं होतं. गोष्ट म्हणून हे छान वाटतं. पण कोर्टाने धर्मतत्त्वांना हातच लावलेला नाही. १९७९ मध्ये जोन्स विरुद्ध वुल्फ या खटल्यात (तोही जॉर्जियातलाच) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी वाट घालून दिली होती: चर्चच्या मालमत्तेचा वाद कोर्ट दस्त, सनद आणि सर्वसाधारण कायदा पाहून सोडवू शकतं, कुणाची श्रद्धा खरी यात पडायचं कारण नाही.

दुसरी गंमत अशी. बॅप्टिस्ट परंपरेत प्रत्येक स्थानिक चर्च स्वतंत्र असतं. वरून हुकूम सोडणारा बिशप नाही. कन्व्हेन्शन हा स्वेच्छेने जमलेला संघ. म्हणजे कॉलेजवरची त्याची सत्ता धर्मातून आलेली नव्हती, ती सनदेतल्या एका कलमातून आली होती. "धर्म विरुद्ध शिक्षण" असं वाचलं तर नेमकं हे कलम नजरेतून सुटतं.

आणखी एक घोळ आपल्या भाषेचा. या प्रकरणांबद्दल मराठीत "चर्चशी संलग्न विद्यापीठ" असं लिहिलं जातं. आपल्याकडे "संलग्न" म्हणजे काय? कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न असतं, म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी विद्यापीठाची. कॉलेजची जमीन, इमारत आणि व्यवस्थापन असतं संस्थेकडे. आमच्या उल्हासनगरचंच उदाहरण घ्या. सीएचएम कॉलेज चालवतं हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड, पदवी मुंबई विद्यापीठाची. याच बोर्डाची केसी आणि एचआर कॉलेजं २०२० पासून एचएसएनसी विद्यापीठात आहेत. मातृसंस्था एक, विद्यापीठं दोन. शॉर्टरचं नातं "संलग्न" या शब्दात बसत नाही, ते "मातृसंस्था" या शब्दात बसतं. शब्द चुकला की प्रश्नच चुकतो.

हे लांबचं नाही

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यात उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट चर्चेसची परिषद होती आणि ब्रदरन मंडळीही होती. गुजरातेतल्या फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरनच्या मालमत्तेवरून पुढे वाद पेटला. विलीनीकरणाचा ठराव झाला, मग मालमत्ता आपोआप नव्या चर्चची झाली का? २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाही. नुसत्या ठरावाने सार्वजनिक न्यासाची मालमत्ता सरकत नाही, त्यासाठी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आणि संस्था नोंदणीचा कायदा यांत सांगितलेली वाट चालावी लागते. एकत्र प्रार्थना करायला लागलात म्हणून सातबारा एक होत नाही.

शॉर्टरशेजारी हे ठेवून बघा. तिथे ठरावाने वेगळं व्हायचं होतं, इथे ठरावाने एक व्हायचं होतं. दोन्हीकडे कोर्टाने ठरावाच्या पलीकडे पाहिलं.

पुण्याची गोखले इन्स्टिट्यूटही आठवा. १९३०ची ही संस्था भारत सेवक समाजाची, १९९३ पासून अभिमत विद्यापीठ. २०२४ मध्ये कुलगुरूंना हटवण्याचा आदेश निघाला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, अंतरिम स्थगितीही मिळाली. तिथला मुद्दा प्राध्यापक म्हणून दहा वर्षांच्या अनुभवाच्या पात्रतेचा होता, म्हणून शॉर्टरची फूटपट्टी तिथे जशीच्या तशी लावू नका. पण मातृसंस्था, कुलपती, कुलगुरू आणि यूजीसी अशी चार टोकं असलेली दोरी कशी दिसते ते तिथे कळतं.

आता माझे आठ महिने

मी कॅम्प ५ मध्ये वाढले. आमच्याकडे फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांना लष्करी छावणीच्या बराकी मिळाल्या, त्यातूनच हे शहर उभं राहिलं. त्यामुळे इथल्या पोरालाही माहीत असतं की राहणं वेगळं आणि सनद नावावर असणं वेगळं. घर घेताना बाबा फरशी नंतर बघतात, कागद आधी. पण संशोधनासाठी जागा निवडताना मी कागद बघितला नाही. गाईड चांगले होते, उपकरणं होती, लोकल सरळ होती. बस.

वर्षभरात त्या संस्थेच्या विश्वस्तांमध्ये दोन गट पडले. खरे विश्वस्त कोण, हा वाद धर्मादाय कार्यालयात गेला. तोवर चेकवर सही कुणी करायची? माझी रसायनं आणि एका उपकरणाची दुरुस्ती आठ महिने अडकली. गाईडचा दोष नव्हता, माझाही नव्हता. मी दुसऱ्या एका लॅबमध्ये रात्रीची वेळ मागून नमुने मोजले आणि शेवटची बदलापूर पकडून अर्ध्या वाटेत उतरून घरी आले. फेलोशिपचं घड्याळ मात्र थांबलं नाही. त्याच काळात मी असे निकाल वाचायला लागले. सुरुवातीला रागाने, मग आवडीने.

म्हणून प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारा.

१. पदवी कोण देतं आणि पगार-खर्चाच्या कागदावर सही कोण करतं? दोन वेगळी उत्तरं येणं नेहमीचंच आहे, पण दोन्ही माहीत हवीत.

२. विश्वस्त किंवा व्यवस्थापन मंडळ कोण निवडतं? संस्थेची घटना आणि धर्मादाय कार्यालयातली नोंद यात ते असतं. विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो. तो वादात पडून असेल तर सावध व्हा.

३. मातृसंस्था आणि विद्यापीठ भांडले, तर तुमची नोंदणी कुणाकडे राहील? हे गाईडना विचारायला लाजू नका. चांगला गाईड रागावणार नाही.

शॉर्टरच्या निकालाबद्दल माझं मत एका वाक्यात सांगायचं तर: बहुमताचा युक्तिवाद बरोबर आहे आणि तरीही अपुरा आहे. कॉलेज कुणाचं हे कागद सांगतो, कॉलेज कुणासाठी हे तो सांगत नाही. ४ विरुद्ध ३ ने ठरलेल्या त्या भांडणात वर्गात बसलेल्या मुलींना आणि मुलांना मत नव्हतं. आपल्यालाही नसतं. म्हणून निदान कागद वाचून वर्गात बसूया.

पुढच्या लेखात संशोधन आराखड्यातल्या "व्याप्ती आणि मर्यादा" या भागाकडे वळू. तोवर तुमच्या कॉलेजची मातृसंस्था कोणती, ते शोधून ठेवा. अर्ध्या जणांना पहिल्या फटक्यात सांगता येणार नाही, मलाही आलं नव्हतं.