'ब्लू ब्लड्स' : रेगन घराण्याची पंगत

कुटुंब आणि राज्य या दोन संस्थांनीं परस्परांशीं कसें वागावें, हा प्रश्न फार जुना आहे आणि नाटककारांस तो नेहमींच प्रिय वाटत आला आहे. घरांत मनुष्यास क्षमा मिळते ती तो आपला आहे म्हणून. न्यायासनापुढें मात्र तो कोणाचा कोण हें पाहावयाचें नसतें. एकाच मनुष्यास या दोन्ही ठिकाणीं एकदम उभें केलें, कीं नाट्य आपोआप उत्पन्न होतें. सोफोक्लीझच्या अँटिगनीनें भावाच्या प्रेतास मूठमाती देण्यासाठीं राजाज्ञा मोडली, तेव्हांपासून हा झगडा रंगभूमीवर चालूच आहे. अमेरिकेंतील 'ब्लू ब्लड्स' ही टेलिव्हिजनवरील मालिका हें त्याच झगड्याचें एक अर्वाचीन रूप होय. सी. बी. एस्. वाहिनीवर २४ सप्टेंबर २०१० रोजीं तिचा पहिला भाग दाखविला गेला व १३ डिसेंबर २०२४ रोजीं शेवटचा. चौदा हंगामांत तिचे २९३ भाग झाले. इतकीं वर्षें शुक्रवारीं रात्रीं घरोघरीं पाहिल्या गेलेल्या कृतीकडे 'लोकप्रिय' म्हणून नाक मुरडणें सोपें आहे. पण लोकांस तींत काय आवडलें, आणि जें आवडलें तें कितपत खरें आहे, हें पाहणें टीकाकारास चुकत नाहीं.

मालिकेची मांडणी साधी आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत राहणारें रेगन हें आयरिश वंशाचें, कॅथॉलिक पंथाचें घराणें. आजोबा हेन्री हे एके काळीं शहराचे पोलिस कमिशनर होते. आतां त्यांचा मुलगा फ्रँक त्या जागेवर आहे. फ्रँकचा थोरला मुलगा डॅनी हा डिटेक्टिव्ह, मुलगी एरिन सरकारी वकील, आणि धाकटा जेमी हा हार्वर्डची कायद्याची पदवी खिशांत असतांना वकिली सोडून गस्तीचा शिपाई झालेला. आणखी एक मुलगा जो, हाहि पोलिसांतच होता. तो कर्तव्य बजावीत असतां मारला गेला, आणि त्याची रिकामी जागा पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत या घरांत जाणवत राहते. इंग्रजींत 'निळें रक्त' म्हणजे कुलीनांचें रक्त, आणि निळा हा न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या गणवेशाचाहि रंग. नांवांतील हा श्लेष मालिकेचें सारें तत्त्वज्ञान सांगून जातो : येथें गणवेश हेंच कुल आहे.

प्रत्येक भागांत तीनचार प्रकरणें समांतर चालतात. एक डॅनीच्या तपासांत, एक एरिनच्या कचेरींत, एक जेमीच्या गस्तींत आणि एक कमिशनरसाहेबांच्या टेबलावर. हे धागे एकत्र येतात ते रविवारच्या जेवणाच्या वेळीं. चार पिढ्या एका मोठ्या टेबलाभोंवतीं बसतात, देवाची प्रार्थना होते, भांडीं एकमेकांकडे सरकविलीं जातात, आणि मग आठवडाभर प्रत्येकाच्या मनांत जें खदखदत असतें तें कोणीतरी बोलून टाकतो. मालिकेचे जनक रॉबिन ग्रीन आणि मिचेल बर्जेस हे पूर्वीं 'द सोप्रानोज' या गाजलेल्या मालिकेच्या लेखकांपैकीं होते. तेथें पानावर बसणारें कुटुंब गुन्हेगारांचें होतें, येथें तें पोलिसांचें आहे. पण जेवतांना माणूस काय बोलतो आणि काय गिळतो, याची पारख दोन्हीकडे सारखीच. ग्रीक नाटकांत कोरसाचें जें काम, तें येथें ही पंगत करते. ती घडलेल्या गोष्टीचा अर्थ लावते, आणि त्यामुळें एरवीं निव्वळ चोरपोलिसांची ठरली असती अशा कथेस विचाराचें वजन येतें.

पहिल्याच भागांतील प्रकरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. मधुमेह असलेल्या एका लहान मुलीस कोणी पळवून नेतो. औषधावांचून ती फार वेळ जगणार नाहीं. डॅनी संशयितास पकडतो आणि शौचकूपाच्या पाण्यांत त्याचें डोकें बुडवून त्यास बोलतें करतो. पुढें पंगतीवर बहीणभावांचा जो वाद होतो तो लेखकांनीं मोठ्या इमानानें लिहिला आहे. एरिनच्या बाजूला कायदा आहे : मारहाणीनें मिळविलेली कबुली न्यायालयांत उभी राहत नाहीं, आणि आज दोषी मनुष्यास केलेली मारहाण उद्यां निर्दोष मनुष्याच्या वांट्यास येते. डॅनीच्या बाजूला ती मुलगी आहे. दोघेंहि खरें बोलतात, दोघेंहि एकाच आईबापांचीं लेकरें आहेत, आणि म्हणून प्रेक्षकास त्यांपैकीं एकास दुष्ट ठरवून मोकळें होतां येत नाहीं. वादाच्या दोन्ही बाजू आपल्याच माणसांच्या तोंडीं घातल्यामुळें विरुद्ध मताबद्दलहि आदर उत्पन्न होतो, हा या मालिकेचा सर्वांत मोठा गुण आहे. सुशिक्षित कुटुंबांतहि राजकारणाचा विषय निघतांच लोक ताट सोडून उठूं लागले आहेत अशा काळांत, भांडूनहि पुन्हां एकाच टेबलाशीं येणारीं हीं माणसें लोकांस कां आवडलीं, हें समजण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं.

अभिनयाच्या बाजूनेंहि मालिका समृद्ध आहे. टॉम सेलेक यांनीं उभा केलेला फ्रँक हा बोलण्यापेक्षां ऐकण्यांत मोठा आहे. हाताखालचे अधिकारी त्याला व्यवहार सुचवितात, शहराचे मेयर त्याच्यावर दडपण आणतात, आणि तो बराच वेळ गप्प बसून शेवटीं थोडक्यांत आपला निर्णय सांगतो. त्या गप्प बसण्यांत विधुराचें एकटेपण, पुत्रशोक आणि अधिकाराचें ओझें हीं तिन्ही दिसतात. ज्येष्ठ रंगभूमि-नट लेन कॅरिऊ यांचा हेन्री हा जुन्या रिवाजाचा, थोडा हेकट, पण नातवंडांत रमणारा म्हातारा. त्याच्या थट्टेमुळें पंगतीचा गंभीरपणा जड होत नाहीं. उलटपक्षीं डॅनीच्या पत्नीचा, लिंडाचा, मृत्यु दोन हंगामांच्या मधल्या काळांत पडद्याआड घडवून २०१७ सालीं तो नुसता कळविण्यांत आला, ही ढिलाई डोळ्यांत भरते. सात वर्षें जी बाई त्या टेबलाशीं बसली, तिला निरोपाचा एक प्रवेशहि मिळूं नये हें योग्य झालें नाहीं.

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. या पंगतींत सर्व मतांना जागा आहे. सर्व माणसांना मात्र नाहीं. ज्याच्यावर कायद्याचा बडगा पडतो, तो नागरिक तेथें कधींच बसत नाहीं. त्याची बाजू मांडली जाते ती एरिनकडून, म्हणजे पुन्हां घरच्याच माणसाकडून. आणि घरच्या माणसांचें भांडण कितीहि तीव्र असलें, तरी तें शेवटीं प्रेमानें मिटावयाचें हें ठरलेलें असतें. भांडण मिटलें म्हणजे प्रश्न सुटला असें प्रेक्षकास वाटूं लागतें. वास्तविक प्रश्न बाहेर, रस्त्यावर, जसाच्या तसा उभा असतो.

याचें उदाहरण म्हणून २०१४ च्या हंगामांतील एक प्रकरण घेऊं. एक संशयित खिडकींतून आपण होऊन उडी टाकतो आणि पोलिसानें ढकललें असा कांगावा करतो. आरोप डॅनीवर येतो. पाहणारांस सत्य प्रथमपासूनच माहीत असतें, कारण कॅमेऱ्यानें तें त्यांना दाखविलेलें असतें. त्यामुळें चौकशी मागणारा प्रत्येक मनुष्य त्यांस अन्यायी भासतो. आतां त्याच वर्षींचें खरें न्यूयॉर्क पाहा. १७ जुलै २०१४ रोजीं स्टेटन आयलंडवर सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून पोलिसांनीं एरिक गार्नर या कृष्णवर्णी गृहस्थास धरलें. खात्याच्या नियमांनीं मना केलेल्या रीतीनें त्याचा गळा आवळला गेला. आपल्याला श्वास घेतां येत नाहीं असें तो पुनःपुन्हां सांगत राहिला आणि त्यांतच त्याचा अंत झाला. ज्यूरीनें त्या शिपायावर खटला भरण्याचें नाकारलें, आणि त्यास नोकरींतून काढण्यास २०१९ चा ऑगस्ट उजाडावा लागला. तेथें काय घडलें हें जगास कळलें तें रस्त्यावरच्या एका मनुष्यानें आपल्या फोनवर चित्रण केलें म्हणून. मालिकेंतील कॅमेरा घराण्याच्या बाजूनें साक्ष देतो. रस्त्यावरचा कॅमेरा नागरिकाच्या बाजूनें. नाटककारास पहिला कॅमेरा वापरण्याचा अधिकार आहे, हें आम्हांस मान्य आहे. पण चौदा वर्षांत तो बहुधा एकाच बाजूस वळत राहिला, तर त्या कृतीनें आपल्यावर विश्वास ठेवण्याची संवय प्रेक्षकास आयतीच लाविली, असें म्हणावें लागतें.

जोच्या खुनाच्या तपासांतहि हाच दोष दिसतो. पहिल्या हंगामाच्या अखेरीस उघडकीस येतें कीं, 'ब्लू टेम्प्लर' नांवाच्या भ्रष्ट पोलिसांच्या टोळीनेंच त्याचा घात केला. विषय मोठा धाडसाचा आहे. पण त्याचा निकाल लावतात तीं रेगन मंडळीच : आजोबा, मुलगा आणि नातवंडें मिळून. घरांतील घाण घरांतल्यांनींच काढली, कीं घर पुन्हां स्वच्छ! न्यूयॉर्कचा इतिहास मात्र निराळें सांगतो. फ्रँक सर्पिको या पोलिस अधिकाऱ्यानें लांचखोरीबद्दल वरिष्ठांकडे वारंवार तक्रार केली, तेव्हां कोणी दाद दिली नाहीं. १९७० सालीं ती हकीकत वृत्तपत्रांत आल्यावर मेयरला नॅप यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-मंडळ नेमावें लागलें, आणि लांचेचा रोग खात्यांत किती पसरला होता हें १९७२ च्या अहवालांत जाहीर झालें. सर्पिकोनें घराबाहेर आवाज नेला म्हणूनच तो ऐकूं गेला. कुटुंबाच्या नीतींत हा द्रोह ठरतो. राज्याच्या नीतींत हेंच कर्तव्य आहे. रेगनांपैकीं एकावर तरी असा प्रसंग यावयास हवा होता.

आणि मग तो 'रक्ता'चा प्रश्न. आयरिश घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या पोलिसांत जाण्याची रीत न्यूयॉर्कमध्यें खरोखरच आहे. तिचें मूळ कुलधर्मांत नसून एकोणिसाव्या शतकाच्या राजकारणांत आहे. दुष्काळानें देशोधडीस लागलेल्या आयरिश लोकांस टॅमनी हॉल या राजकीय संघटनेच्या वशिल्यानें अशा नोकऱ्या मिळत. म्हणजे आज जें कुलव्रत दिसतें, त्याची सुरुवात पोटासाठीं झाली होती. मालिका ही पायरी वगळते आणि कर्तव्यबुद्धि जणू नसांतून वाहते असें दाखविते. २०२० सालीं दहाव्या हंगामाच्या शेवटीं जोचा एक अज्ञात मुलगा प्रगट होतो. रेगन घराण्याची ओळखदेख नसतांना वाढलेला हा तरुण काय करीत असावा? तोहि पोलिसच! पाटीलकी-कुलकर्ण्याचीं वतनें पाहिलेल्या आम्हां मराठी लोकांस यांतील मोह आणि धोका दोन्ही ओळखीचीं आहेत. वतनदाराचा गांवाविषयींचा जिव्हाळा खरा असे, पण आपण गांवास जबाबदार आहों याची आठवण त्यास क्वचितच राहत असे. मालिकेंत मेयर येतात आणि जातात, फ्रँक मात्र चौदा वर्षें आपल्या आसनावर अढळ आहे. त्याच काळांत खऱ्या न्यूयॉर्कमध्यें, हंगामी अधिकारी धरून, आठ कमिशनर झाले. लोकशाहीची ही अस्थिरता गैरसोयीची खरी, पण नागरिकाचें संरक्षण तीच करते. २०११ या एका वर्षांत तेथील पोलिसांनीं सुमारें ६ लाख ८५ हजार वेळां रस्त्यांत लोकांस अडविलें, आणि त्यांत बहुतेक कृष्णवर्णी व लॅटिन वंशाचे होते. ती पद्धत घटनाबाह्य असल्याचा निवाडा ऑगस्ट २०१३ मध्यें दिला तो संघराज्याच्या न्यायालयानें. कोणत्याहि थोर कमिशनरच्या सद्सद्विवेकानें नव्हे.

हें सर्व मालिकेच्या आवांक्याबाहेरचें होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. तिच्यांतच एक पात्र असें आहे कीं ज्याच्यामुळें ही उणीव भरून निघाली असती. जेमीची गस्तींतील सहकारी एडी जँको हिचा बाप आर्थिक फसवणुकीच्या गुन्ह्यांत तुरुंगांत आहे. २०१९ मध्यें ती जेमीशीं लग्न करून या घरांत येते. साऱ्या पंगतींत ही एकच बाई अशी, कीं जिनें कायद्याचा हात आपल्या माणसावर पडतांना पाहिला आहे. रेगन मंडळी प्रार्थनेसाठीं मान खालीं घालतात तेव्हां तिच्या मनांत तुरुंगांतल्या बापाचें जेवण येत नसेल काय? लेखकांनीं येथें थोडें थांबावयास हवें होतें. तसें न करतां त्यांनीं तिला लवकरच एक रेगन करून टाकिलें. सुनेनें सासरच्या रीतींत मिसळून जावें, हीच जुनी अपेक्षा येथेंहि फळास आली!

कोणी म्हणेल, मनोरंजनाच्या कृतीकडून इतकी अपेक्षा कां? आदर्श दाखविणें हेंहि कलेचें काम नाहीं काय? आहे. किंबहुना सज्जन अधिकारी कसा असावा याचें चित्र समाजापुढें असणें आम्ही हितकरच समजतों. पण ज्या आदर्शाची परीक्षा त्याच्या आप्तांनींच घ्यावयाची, तो कितीहि तेजस्वी दिसला तरी त्याचा कस लागत नाहीं. फ्रँक रेगन हा सज्जन आहे म्हणून न्यूयॉर्क सुरक्षित आहे, असें ही मालिका सांगते. कमिशनर सज्जन नसला तरी नागरिक सुरक्षित राहावा, यासाठीं मनुष्यजातीनें कायदा निर्माण केला.

शेवटच्या भागांतहि सारीं माणसें त्याच टेबलाशीं जमतात, आणि जेमी-एडीच्या घरीं मूल येणार असल्याची आनंदवार्ता तेथेंच कळते. प्रसंग हृद्य आहे, आणि इतक्या वर्षांच्या सहवासानंतर पाहणाराचे डोळे ओले झाले तर त्यांत नवल नाहीं. आमच्या वाचकांनीं ही मालिका अवश्य पाहावी, आणि शक्य तर घरांतील थोरामोठ्यांनीं मुलाबाळांसह पाहावी. कारण मतभेद असूनहि एकत्र कसें जेवावें, हें ती उत्तम शिकविते. मात्र प्रत्येक भाग संपल्यावर मुलांस एक प्रश्न जरूर विचारावा : आज ज्यास पकडलें, त्याच्या घरीं रविवारीं पानावर कोण कोण बसलें असेल?