मंडईत सांगणारे कोण उरले?

भाऊबीज झाली की गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरू लागते. ज्या त्या गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई, सोयरे हक्काने येतात, सोयरिकीची बोलणीही तिथेच सुरू होतात. दिवसा दंडार, रात्री नाटक. गोष्टीच्या निमित्ताने माणसं जवळ आणण्याची ही व्यवस्था आजही जिवंत आहे. तिच्यातला सांगणारा मात्र बदलला आहे आणि मला त्याचीच काळजी वाटते.

दंडार हे लोकनाट्य गावचीच माणसं उभी करतात. एरवी धानाच्या बांधीत राबणारा माणूस त्या दिवशी राजा होतो, लुगडं नेसून राणीही होतो. प्रसंग पुराणातला असला तरी त्यात गावातली पाण्यावरची भांडणं, भाऊबंदकी सहज शिरते, कारण बरंचसं बोलणं तिथल्या तिथे सुचलेलं असतं. समोर बसलेल्याने मध्येच टोकलं तर कथा थांबत नाही, वळण घेते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी इथल्या झाडीबोलीबरोबर दंडारीचाही अभ्यास केला, म्हणून तिची नोंद तरी झाली. खडी गंमत या दुसऱ्या लोककलेत शाहीर आणि नाच्या ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने उभ्याउभ्या रात्र जागवतात. सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमांमुळे शाहिरांना चार पैसे मिळाले, हे चांगलंच. पण दारूबंदी, हुंडा, स्वच्छता असे विषय वरून ठरून आले की शाहिराचं स्वतःचं सांगणं आखडतं.

झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यातलं, नाटक त्या मानाने धडधाकट आहे. वडसा हे त्याचं मोठं केंद्र. या नाटकातले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राचंही या रंगभूमीकडे लक्ष गेलं. तिकीट काढून रात्रभर नाटक पाहणारा प्रेक्षक मोठ्या शहरांतही दुर्मीळ आहे. तरीही एक गोष्ट खटकते. पूर्वी गावातली पोरं तालमी करून नाटक बसवत. आता गावातलं मंडळ व्यावसायिक नाटक कंपनीचं बुकिंग करतं. गावाकडे आयोजन आणि टाळ्या उरल्या, बोलणं गेलं. झाडीबोलीही बहुधा विनोदी पात्राच्याच वाट्याला येते, हे तर मला अन्यायाचंच वाटतं.

सालेकसा तालुक्यातल्या कचारगडची गोष्ट वेगळी. माघ पौर्णिमेला गोंड समाज इथे दूरदूरच्या राज्यांतून येतो. गुहेत कोंडलेल्या मुलांना सोडवणारा पारी कुपार लिंगो आणि किंगरी या तंतुवाद्याच्या सुरांनी दगड हलवणारा हिरासुका पाटालीर यांची कथा या यात्रेच्या मुळाशी आहे. कथेत सुटका वादकाच्या हातून होते, यावरून या समाजाने सांगणाऱ्या-गाणाऱ्याला काय मान दिला ते कळतं. परधान या गोंडांच्या परंपरागत गायकांनी सांगण्या-गाण्याची हीच परंपरा पिढ्यान्पिढ्या वाहिली.

जिल्ह्याच्या गावी, गोंदियात, यातलं फार थोडं पोचतं. रेल्वे आणि भातगिरण्यांनी वाढवलेलं हे शहर. इथे हिंदी, पोवारी, झाडीबोली, छत्तीसगढी, सिंधी एकाच बाजारात ऐकू येतात. कार्यक्रम मात्र बहुतेक ज्याच्या त्याच्या समाजाच्या सभागृहात होतात. शहराला स्वतःची मंडई हवी. ती कंपनीच्या बुकिंगवर भागवू नये. वॉर्डातल्या लोकांनीच महिनाभर तालमी करून दंडार उभी करावी, पोवारी आजीने तिच्या बोलीत सांगावं, परधान किंगरीवाल्याला पुरेशी बिदागी आणि पुरेसा वेळ मिळावा. नगरपरिषदेने मैदान, वीज आणि मानधन द्यावं. विषय मात्र ठरवू नये.